गफूरने वळवलेली कवटी

गफूर परकार आजाऱ्याच्या खोलीत शिरला की आजारी माणूस भिंतीकडे तोंड करी. गफूरचा दोष एवढाच, की आखातातल्या फहाहीलमध्ये कोकणातलं कुणी वारलं तर मय्यतीला गुसल घालायला, कफन बांधायला आणि कबरीत उतरायला तोच असे. गावी अंजनवेलला त्याचा बाप हे करायचा, म्हणून हाही करी. एरवी तो कामगारांच्या मेसमध्ये आचारी. त्याच्या हातचं कोळंबीचं कालवण ओरपताना कुणाला काही आठवत नसे. जेवण झालं की मात्र त्याच्या शेजारची जागा रिकामी पडायची. माणसं मोठी सोयीस्कर असतात.

पण इतक्या परक्यांना आंघोळ घालणाऱ्या या माणसाने सख्ख्या धाकट्या भावाला पाण्याचा थेंबही लावला नव्हता. १९५७ साली हुसेन कागदपत्रांशिवाय लाँचमधून आला. गफूरनेच बोलावलं होतं. फिंतासच्या पलीकडे ओसाड किनाऱ्यावर त्याला उतरवला तेव्हा अंग तापाने फणफणलं होतं, आणि दुपारपर्यंत तो गेला. पोलिसांना कळतं तर लाँचवरचे सगळेच आत जाते. प्यायचं पाणीही संपलेलं. गफूरने वाळूवर तळवे टेकून भावाला आंघोळीऐवजी वाळूचा तयम्मुम दिला, लाँचच्या फळ्या तिरप्या लावून पुरला, वर दगडांची छोटी रास केली. बरोबरच्या चौघांनी शपथ घेतली की हे कुठे बोलायचं नाही.

गावी हुसेनची बायको सुरैया होती. तिला गफूर दर महिन्याला पत्र लिहून घेई: हुसेन लांब वाळवंटात कामाला आहे, खुशाल आहे. पहिल्या पत्राला त्याची जीभ अडखळली. तिसऱ्याला सवय झाली. नंतर सांगू, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. गेल्याच वर्षी तिचं उत्तर आलं होतं: बाबा म्हणतात, काजीकडे जाऊन निकाह मोडून घे, दुसरं घर बघू, मी म्हटलं, भायजान लिहितात ते खोटं कसं असेल?

१९६१च्या हिवाळ्यात एक परदेशी साहेब त्याच किनाऱ्यावरच्या टेकाडाखाली जुन्या कबरी शोधायला आला. त्याचा दुभाषा अशरफ महाडकडचा. गफूरची पत्रं लिहून देणारा तोच. साहेबाला हलक्या हाताची माणसं हवी होती, अशरफने गफूरचं नाव सांगितलं. जागा कळल्यावरही गफूर गेला. खणती कुठवर येते ते आपल्या डोळ्यांसमोर असलेलं बरं, असा त्याने विचार केला.

साहेबाने याआधी मध्य अमेरिकेच्या जंगलात माया लोकांच्या कबरी खणल्या होत्या. जेवताना तो त्यांच्याबद्दल भरभरून बोले.

"साहेब म्हनतो, ती लोकं मय्यत घराच्याच जमिनीखाली पुरायची," अशरफ सांगे. "दातांना कानस मारायची, दातांत हिरवे खडे बसवायची. कोन कसा झोपवलाय, तोंड कुठं, बाजूला भांडं कुठलं, यावरनं कळतं हा गावचा की बाहेरनं आलेला."

"मेल्यावर पन इचारतात, कुठला म्हनून?" गफूर म्हणाला. अशरफने ते सांगताच साहेब हसला. गफूरला हसू आलं नाही.

टेकाडात चार सांगाडे मिळाले, कुशीवर मुडपलेले, तोंडं उगवतीला. पाचव्याची कवटी अजून निम्मी मातीत होती. साहेब तंबूत जेवायला गेला आणि गफूर एकटाच उरला. हजारो वर्षांपूर्वीचा असला म्हणून काय झालं, माणूसच ना? गफूरला राहवेना. कलमा पुटपुटत त्याने जबड्याखाली दोन बोटं घातली आणि कवटी किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला, वळवली. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

परतल्यावर साहेबाने होकायंत्र लावलं आणि पोरासारखा नाचला. याचं तोंड वेगळं! म्हणजे हा इथला नव्हे, समुद्रावाटे आलेला. असले आणखी असणार, आणि ते समुद्राच्याच अंगाला असणार. त्याने लगेच नव्या चरासाठी दोरी ताणायला लावली. दोरी दगडांच्या त्या छोट्या राशीवरून गेली.

गफूर अशरफला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेबाला सांग, कवटी मी फिरवली."

"येडा झालास? त्यानं तार पन पाठवली. आता सांगितलंस तर दोघांना हाकलील." अशरफने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आनि तिकडं हाय काय? वाळूच ना?"

तेव्हाच खरं सांगता आलं असतं. भित्रेपणा म्हणा, गफूर म्हणाला, "वाळूच."

तीन दिवस चर राशीकडे सरकत राहिला. गफूर रोज पावलं मोजी: वीस, अकरा, पाच. चौथ्या सकाळी त्याने दुसऱ्या मजुराच्या हातातला ब्रश काढून घेतला. "हितनं मी काढतो," तो म्हणाला. हे काम परक्या हाताने व्हावं, एवढं मात्र त्याला सोसणार नव्हतं.

आधी फळी लागली. फळीत गंजलेले खिळे, म्हणजे कबर अलीकडची. साहेबाचा चेहरा उतरला, त्याने टोपी काढली. फळी उचलल्यावर विटकं कफन दिसलं, आणि किब्ल्याकडे असलेलं तोंड. ते कुणाला वळवावं लागलं नव्हतं.

अशरफ उकिडवा बसून बघत राहिला. "ह्यो तर आपल्याकडचा," तो हळूच म्हणाला. "दात बघ, सुपारीनं रंगलेत. फळी पन आपल्यासारखीच तिरपी." साहेब काहीतरी बोलला. "साहेब इचारतो, कुठला असंल?"

"अंजनवेलचा," गफूर म्हणाला. "हुसेन इब्राहिम परकार. माझा भाव."

साहेबाने माणूस पोलिसांकडे पाठवला. अशरफने गफूरचा दंड धरला. "म्हंजे चार वर्षं मी कुनाची खुशाली लिहीत होतो?"

"आज शेवटचं लिही. सुरैयाला म्हनावं, विधवेची इद्दत धर."

"इद्दत मरनाच्या दिवसापासनं मोजतात, हे तुला मी सांगू?" अशरफ उठून उभा राहिला. "चार महिने धा दिवस. कवाच सरली. पोर चार वर्षं दुसऱ्या निकाहाला मोकळी होती, गफूर. तिला कुनी सांगितलंच नाय."

गफूरने फळी परत जागेवर ठेवायला घेतली. त्या हलक्या हातांना ती पेलेना.