ग्रुपवर धाडलेलं मूळ

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी आहे. बाकी सगळ्यांना कामधंदे आहेत, म्हणून हे पद माझ्याकडे आलं. पण त्याची हवा डोक्यात गेली आणि मुलीच्या लग्नात मी थेट रिवाजालाच हात घातला.

आमच्याकडे घरच्या लेकीला लग्नाला नुसती पत्रिका चालत नाही. माहेरचा माणूस तिला न्यायला जातो. त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं नाही तर लेक येत नाही, भले लग्न शेजारच्या घरी असो. माझी आत्या, म्हणजे बाबांची एकुलती एक बहीण, अल्लीपूरला, आम्ही आर्वीला. नवरीला पहिली हळद आत्यानंच लावायची, असा बाबांचा हट्ट. पण मे महिन्याच्या उन्हात जाणार कोण? मी ग्रुपवरच लिहिलं, "आत्या, या मेसेजलेच मूळ समजजो अन् हळदीले येजो." खाली बैलगाडीचा इमोजी टाकायचा होता. बैल सापडला, गाडी सापडेना, म्हणून बैलामागे मोटार जोडली.

आत्याचा आवाज ग्रुपवर कडाडला. "काऊन रे बाप्पा, मेसेजले मूळ समजू? मंग मी माहा फोटो धाडतो, त्याले आत्या समज. त्याच्याच हातानं हळद लावून घेजो पोरीले!"

मागोमाग खरंच फोटो आला. नाकावर चष्मा, चेहऱ्यावर राग. आता आत्याला खूश करावं म्हणून मी त्या फोटोला मोबाइलमध्येच झेंडूच्या फुलांची चौकट केली, वरून हार घातला, खाली दोन समया लावल्या आणि ग्रुपवर सोडला. माझ्या मते ते स्वागत होतं.

आमच्या ग्रुपवर मागचे मेसेज वाचायची पद्धत नाही. पुण्याच्या भाच्यानं लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्याचं पाहून सगळ्यांनी. आष्टीच्या चुलत बहिणीनं तर 'फार प्रेमळ होत्या' असंही लिहिलं. दोघींची बोलचाल बंद आहे. शेवटी आत्यानंच टाईप केलं, 'अजून जित्ती आहो मी.' त्यावरही कुणीतरी हात जोडले.

तोवर कोणीतरी बाबांना फोन केला होता. बाबा साधा फोन वापरतात. ग्रुप-बिप काही नाही. ते खाटेवर मटकन बसले. मी धावत जाऊन सांगितलं, "बाबा, आत्या बरी आहे. मीच फोटोले हार घातला." बायको म्हणाली, "तुमच्या हातात मोबाइल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

बाबा म्हणाले, "गाडी काढ. मूळ म्हणून मीच जातो."

अल्लीपूरला बाबा दाराचा आधार घेत गाडीतून उतरले. आत्या अंगणातच उभी होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"दादा, या गुडघ्यानं तू काऊन आला?"

"या पोट्ट्याच्या भरवशावर राह्यलो असतो तं तुही तेरवी जेवून मोकळे झाले असते लोक."

आत्या हसली. मग पदर डोळ्यांना लावला आणि आत जाऊन लुगडं बदलून आली. बॅग अर्थातच मी उचलली.

येताना वर्ध्याजवळ तिनं रसवंतीवर गाडी थांबवायला लावली. "दोन गिलास रस देजो बाप्पा," ती रसवाल्याला म्हणाली.

आम्ही तिघं होतो.