शैलाचं दुसरं मंडळ

कीथचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. "शी वेन्ट क्वायटली, लव्ह," एवढंच तो म्हणाला. शैला गेली... हे होणार, ते महिनाभर माहीत होतं. तरी काचेला डोकं टेकून मी रडले, आणि रडतारडताच घाबरले. कीथ शैलाच्या क्लबातला. घरात नाशिकहून आलेली तिची आई. फ्युनरलला क्लबातली सगळीच येणार, आणि कुणीतरी आईंना विचारणारच, ही माणसं कोण?

शैला आणि मी बर्मिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होतो. तिचा नवरा मारकुटा होता. दोनदा ती माहेरी गेली, दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मात्र माहेरी न जाता तिने सरळ कौन्सिलकडून स्वस्त भाड्याचा फ्लॅट मिळवला आणि घटस्फोट घेतला. पुढे काही वर्षं ती विझल्यासारखीच असायची. मग २००० नंतर कधीतरी ती एकदम मोठ्याने हसू लागली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला येईनाशी झाली. "मला दुसरं मंडळ सापडलंय," म्हणाली, आणि एका रविवारी दुपारी मला तिकडे घेऊनच गेली.

जुन्या कारखान्याच्या वरचा एक हॉल, सभासदांनीच हौसेने चालवलेला. प्रेमाच्या आणि शरीरसुखाच्या ज्या आवडी चारचौघांत बोलता येत नाहीत, त्या असणाऱ्या जाणत्या माणसांचा हा क्लब. कुणाला चामड्याचे कपडे आवडत, कुणाला दोरीने बांधून घेणं, तर दाढीवाल्या कीथला झुळझुळीत फ्रॉक. एरवी तो बस चालवायचा. मी दारातच अवघडले. पण आत चहा होता, केक होता आणि शैलाचा वर्ग होता. मनगटात नस कुठून जाते, दोरी कुठे कधीच आवळायची नाही, बोटं बधिर झाली तर काय करायचं, हे ती हॉस्पिटलातल्याच आवाजात समजावत होती. परतताना मी विचारलं, "शैले, तुला यातून मिळतं तरी काय?"

"भीती जाते गं माझी," ती म्हणाली. मला काही तेव्हा कळलं नाही.

शैलाचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा तिच्या आई आल्या. क्लबातली माणसं पाळ्या लावून यायची. कुणी किमोला न्यायचं, कुणी बागेतलं गवत कापायचं. "हॉस्पिटलातली आहेत," असं आम्ही आईंना सांगून ठेवलं होतं. कीथ त्यांच्या हातचं पिठलं चाटूनपुसून खायचा. आई त्याला किशा म्हणायच्या.

फ्युनरलला ती सगळी काळ्या सुटांत मागच्या रांगेत उभी राहिली. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी आईंना विचारलंच, "ही कोण हो मंडळी?"

"शैलाच्या क्लबातली," आई शांतपणे म्हणाल्या. "पुढे बोलवा त्यांना. घरचीच आहेत."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिनंच सांगितलं, अगदी शेवटी शेवटी. सगळं नाही कळलं मला, नीला. काही तर ऐकवेना. मी म्हटलं, तिथेही तुला कुणी मारतं का गं? म्हणाली, माझ्या मर्जीशिवाय बोटही लावत नाहीत. मी विचारलं, आणि तू थांब म्हणालीस तर? थांबतात, म्हणाली. त्याच क्षणी. नवऱ्याकडे मीच दोनदा परत पाठवली होती तिला. तिचं हे ऐकलं, आणि कितीतरी वर्षांनी मला शांत झोप लागली."

परत जाण्याआधी आईंनी क्लब बघायचा हट्ट धरला. नवं कुणी जिन्यात घुटमळलं की शैला स्वतः खाली जायची, असं कीथने त्यांना सांगितलं आणि मी मराठीत समजावलं. नाव विचारायची नाही, कोट घ्यायची आणि चहाला वर आणायची. आम्ही बोलत होतो तेवढ्यात खरंच एक बाई जिन्यात येऊन थबकली. कीथ उठायच्या आत आई उठल्या. कठडा धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरल्या. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नाही. त्यांनी कोटासाठी हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला. त्या बाईने होकाराची मान हलवेपर्यंत तो हात तसाच थांबला होता. मग कोट घेऊन, तिच्या मागोमाग, आई वर आल्या.