होडीवरचं छत आणि आईचं लुगडं

आमच्या घरी शेत कांद्याचं आणि होडी आण्णांची. नेवाशाच्या खालच्या अंगाला, धरणाचं पाणी मागं चढून प्रवरा ऐसपैस पसरते, तिथं माझे वडील वल्हं मारतात. पलीकडच्या गावची माणसं, दुधाच्या किटल्या, दहाव्याला आलेले पाहुणे, कधी एखादी शेळीसुद्धा. आण्णा कुणाला घाबरत नाहीत, उन्हाला तर नाहीच नाही. पण दोन वर्षांमागं उन्हानं त्यांना भर नदीत गाठलं. हातातलं वल्हं सुटलं आणि ते बसल्या जागी कलंडले. होडीत दूधवाला होता म्हणून होडी काठाला लागली.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऊन लागलं तर सांगता येत नाही, होडी बंद करा. मी लगेच मान डोलावली. आण्णा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. होडी सोडली तर हा माणूस उन्हावाचूनच जाईल, हे आईला माझ्या आधी कळलं.

"होडी बंद न्हाई करायची," ती म्हणाली. "होडीला सावली करायची."

भिंतीकडून आवाज आला, "छपराखाली बसून होडी चालवू? नवरदेव हाय का मी? आन मावळतीचं आभाळ दिसलं न्हाई तर वारा कसा कळंल?"

एवढं ते आठवड्यात पहिल्यांदाच बोलले होते. आईनं ते होकार म्हणूनच धरलं.

आता झाकायचं म्हटलं की कांदेवाल्याला ताडपत्रीच सुचणार. आम्ही होडीवर बांबूच्या कमानी वाकवल्या आणि पाऊस आला की कांद्याची रास झाकतात तश्शी ताडपत्री ओढली. चारी बाजूंनी खाली ताणून, कडा दाबून, वारा कुठून शिरता कामा नये अशी. कांद्याला मानवलं असतं. होडीवर मात्र वाऱ्याला आत यायला वाट मिळेना, मग त्यानं अख्खी होडीच ढकलायला घेतली. आण्णा निघाले पलीकडं आणि पोचले खालच्या बाभळीत. घामानं निथळत परत आले आणि मला म्हणाले, "तुझ्या आईनं मला कांदा केलाय." मी पोट धरून हसलो. आण्णा चिडले म्हणजे आण्णा सुधारले, ही आमच्या घरातली जुनी खूण.

आईला हसू आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती दुकानात गेली, रोपवाटिकेवर टाकतात ती जाळी बघायला. दुकानदारानं काळी, हिरवी, दाट, विरळ अशा जाळ्या काढल्या. ती एकेक उन्हात धरायला लावी, खाली आपला हात धरी आणि नुसती उभी राही. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, जाळी डोळ्यानं बघा की."

"ऊन डोळ्याला लागतं व्हय?" आई म्हणाली. शेवटी हिरवी घेतली. ऊन अडे आणि वारा आरपार जाई.

जाळीची कड उसवते. तिला पट्टी हवी म्हणून आईनं पेटीतून इरकलीचं लुगडं काढलं. माझ्या वेळी ती बाळंत झाली तेव्हा मामानं आणलेलं, सणावाराशिवाय अंगाला न लागलेलं. मी नको नको म्हणेपर्यंत तांबडा काठ निघालासुद्धा. गोधडीच्या सुईनं तो तिनं चारी कडांना शिवला. आण्णा बसतात तिकडची बाजू उघडी ठेवली, मावळतीचं आभाळ दिसावं म्हणून. बांधायला तिनं गोठ्यातली सुटगाठ घेतली. जनावराचं दावं आमच्याकडं असंच बांधतात, आग लागली तर एका हिसक्यात मोकळं व्हावं म्हणून. सगळ्या दोऱ्या आण्णांच्या हाताशी आणल्या.

"बांधायच्या आधीच सोडायची सोय?" आण्णांनी चिडवलं.

"बांधलेलं सोडता आलं पायजे," ती म्हणाली.

तेव्हापासून आण्णा होडीवर आहेत. आणि स्वतःचं धोतर आयुष्यात कधी न घडी घातलेला हा माणूस रोज संध्याकाळी छत सोडतो, बगळ्यांची घाण साध्या पाण्यानं धुतो, सावलीत वाळवतो आणि घडी करून घरी आणतो. साबण लावू देत नाही. आई कडेवरून बोट फिरवून टाके तपासते. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटायचा, पण बोलून दाखवायची आमच्याकडं पद्धत नाही.

यंदा वैशाखात वळवाचं वादळ उठलं तेव्हा मी काठावर होतो. होडीत पलीकडच्या बाया होत्या. मावळतीकडं धुळीची भिंत दिसली आणि आण्णांनी दोऱ्या हातात घेतल्या. त्या वाऱ्यापुढं जाळीचंही काही चालेना. होडी एका अंगाला कलू लागली. आण्णांनी हिसका दिला. छत वर उडालं, तांबडी कड एकदा चमकली आणि ते दूर पाण्यात पडून दिसेनासं झालं. होडी सरळ झाली.

घरी आल्यावर आण्णा उंबऱ्याशीच बसले. आईनं दिलेला तांब्या हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "तुझं लुगडं गेलं गं."

आईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं.

"लुगडंच गेलं ना," ती म्हणाली. "पानी प्या."

मग आत जाऊन तिनं पेटी उघडली. लुगड्याला दोन काठ असतात. दुसरा तिनं तेव्हाच काढून, घडी घालून ठेवला होता. तो घेऊन ती उंबऱ्याशी आण्णांच्या शेजारी बसली आणि त्याचं एक टोक त्यांच्या हातात धरायला दिलं.