पत्र्यावरची चिठ्ठी

दर दिवाळीला पद्मावतीबाई नानकटाईचं पीठ हैदराबादेत अंबरपेठच्या बेकरीत भाजायला न्यायच्या. अदलाबदल नको म्हणून बेकरीवाला प्रत्येकीच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी लावी. मग कंपनीत लागलेल्या मुलानं, युवराजनं, स्वयंपाकघराच्या भिंतीत विजेचा ओव्हन बसवला. बाई हट्टानं शिकल्या: आधी तापवायचा, पत्रा मधल्या कप्प्यात, दार मध्येच उघडायचं नाही.

नानकटाई फर्मास झाली. पाहुण्यांनी वाहवा केली, तशी सून शिल्पा म्हणाली, "बंजारा हिल्सच्या मोठ्या बेकरीतून मागवली." युवराजनं आणखी एक नानकटाई तोंडात टाकली.

पुढच्या दिवाळीला बाई पुन्हा बेकरीच्या दारात उभ्या.

"अम्मा, घर में ओवन है ना?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"है. पर मेरे नाम की चिठ्ठी तुमीच लगाते."