भिवराआत्याचा पाला

…न्हाई गं, कोथमीर न्हवं ती. ओढ्याच्या काठाला उगवलं आन कोथमिरीवानी दिसलं म्हणून काय वरणात घालतेत? ठिव ते तिकडं. आदी हात धुऊन ये, आन डोळ्याला लावू नको. मंग बस लिहायला.

धुतलेस? तर तुज्या बाईंनी गावातल्या मानसाचं लिहून आणा म्हणलंय न्हवं? पाटलाचं लिहू नको, पाटलाचं समदेच लिहितेत. आमच्या भिवराआत्याचं लिही. आता तू घेऊन आलीस त्यो पाला तिचाच. पुस्तकात त्येला काय नाव आसंल ते आसो, आमच्यात कुणी नावच ठेवलं न्हवतं. समदे भिवराआत्याचा पालाच म्हणायचे.

आत्या म्हंजी माज्या सासऱ्याची बहीण. नवरा लौकर वारला, तर एक लेकरू कडंवर घेऊन माहेरी आली ती कायमचीच. शेळ्या-मेंढ्या राखायची. आपलं गाव बोरीच्या अलीकडं, ओढ्याला लागून. पूस-माघाच्या थंडीत ओढ्याचं पाणी आटत आलं की चिखलात ह्यो पाला उगवतो. देठ पोकळ, फूल पिवळं, बारकुलं, आन तुपाचा हात लावल्यावानी चकाकतं. दिसायला लय गरीब. पर शेळी, जी बाभळीचा काटा सोडत न्हाई, ती हिरव्या पाल्याला तोंड लावत न्हाई. आत्याचं म्हणणं, ज्याला शेळी भिती त्यात गुण असणारच. झालं, हितनं तिची डाक्टरकी सुरू.

गजकर्णाला पाला, चामखिळीला पाला, गुडघ्यातल्या वाताला पाला. ठेचायचा, एरंडाच्या पानावर घ्यायचा आन दुखतंय तिथं बांधायचा. घडीभरानं चुणचुण, मंग आग, आन दिवस मावळंस्तोवर ह्यो एवढा फोड. फोड फुटून पाणी गेलं की आत्या म्हणायची, बग, वात निघाला. त्याच्या आदी लोक इळा तापवून गुडघ्याला डाग द्यायचे, त्यापरीस हे बरं म्हणून यायचे. म्हातारा सटवाजी आला एकदा. त्याचा फोड असा ठणकला, असा ठणकला, की बाजंवरून उठंना. कुणी इचारलं, गुडघा कसा हाय बाबा? तर म्हणला, "गुडघ्याची फिकीर करू नगा, त्यो सुखी हाय. मी मेलो." पर गुडघा दुखायचा थांबला होता, हे बी खरं. का थांबला ते देवालाच ठावं.

मोगलाई गेली, नवं राज आलं. आमी म्हणलं आता सडक येईल, हिरीला पाणी येईल. तसलं काय आलं न्हाई. पयले आले ते देवी काढणारे दिनकरराव. काळी टोपी, छत्री, आन लस ठिवायला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं. मानूस वाईट न्हवता. पर त्यांची सुई सरळ टोचायची न्हवती, दंडावर ठिवून फिरकीवानी फिरवायची. लेकरू असं वरडायचं की शिवारातली पाखरं उडायची. त्यात कुणी उठवलं की ती लस कालवडीच्या अंगातून काढतेत. मंग तर लोक दारं लावून रानात पळायचे.

आत्याचं भ्या निराळंच होतं. तिचा पयला नातू मोगलाईतच गेला होता, देवी काढली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्याला आदीच जुलाब लागले होते, घरात समद्यांना ठावं होतं. पर आत्यानं समदं सुईच्या माथी मारलं आन देवीच्या ठाण्यापुढं ओला पदर धरून शब्द दिला, माज्या घरच्या लेकराला इथून पुढं सुई लागू देणार न्हाई. आता लेकाला दुसरा पोरगा झाला होता, चंद्रभान. सून कासाबाई, चुडाव्याची. चंद्रभान म्हंजी आत्याचा जीव की प्राण.

तर दिनकरराव यायचे म्हणून सांगावा आला, आन आत्याला अक्कल सुचली. सुई कशाला पाहिजे, डागच दाखवायचा हाय ना? तिनं चंद्रभानच्या दंडावर चिमूटभर पाला लावला. फोड आला, खपली धरली, हुबेहूब देवी काढल्यावानी. शेजारणीनं बघितलं, म्हणली माज्या बी पोराला लावा. मंग समद्या गावानं दंड पुढं केले. आता बग गंमत. सुईचं दुखणं घडीभराचं, एखाद्या दिसाचा ताप. पाल्याच्या फोडानं पोरं पंधरवडा रडायलती. तरी सुई टळली म्हणून आया खूश, आन पोरं रडायलीत ते नजर लागली म्हणून.

दिनकरराव आले. बाही वर केली की डाग. दुसरी केली की डाग. कुठं काढल्या म्हणून इचारलं, तर बाया म्हणायच्या माहेराला. कुणी सेलूचं नाव सांगितलं, कुणी जिंतुरचं. त्यांनी बी लय खोलात शिरायचं टाळलं. उन्हातान्हात पायपीट करणारा मानूस, त्याला एक गाव बिनरडता पुरं झालेलं गावलं. चहा पिले आन कागदावर आपलं गाव पुरं करून टाकलं. वरच्या साहेबानं म्हणे त्यांची पाठ थोपटली. तालुक्यात असं गाव न्हाई म्हणले.

चैत्र लागला. ओढा कोरडा पडला. आन चुडाव्याहून सांगावा आला की तिकडं देवी आलीय आन कासाबाईच्या भावाची लेक गेली. कासाबाई लय रडली न्हाई. चुलीपुढं बसली, फोडणी द्यायला घेतलेली कढई तशीच खाली उतरवली, आन सासूकडं न बघता म्हणली, "आत्याबाई, तुमच्या पाल्यानं साहेब फसला. देवी फसंल का?"

आत्या लेकराचा दंड हातात धरून किती तरी येळ बघत बसली. डाग पुसट होत चालला होता.

बाजाराच्या दिवशी ती बोरीला निघाली. कासाबाई, लेकरू, आन सोबतीला मी. मी नवी नवरी होते तवा, मला बाजार बघायची हौस. दिनकरराव लिंबाखाली बसलेले. आत्यानं त्यांच्यापुढं जाऊन समदं खरं सांगून टाकलं. पाला सांगितला, फोड सांगितला, माहेरं सांगितली. गाव अजून बिनसुईचं हाय साहेब, देवी काढा म्हणली.

दिनकररावांचं तोंड उतरलं. हळू आवाजात म्हणले, "आत्या, तुमच्या गावात एकही दंड राहिला नाही असं मी वर कळवलंय. आता सगळे दंड खोटे म्हणता. मग मी कोण ठरतो?"

"तुमी खोटे न्हाई साहेब. तुमी खोट्यावर इस्वास ठिवला, त्यो जरा खऱ्यावर ठिवा."

ते काय ऐकंनात. म्हणले, सुईला घाबरणारे लोक मी लय बघितले, आता देवीला घाबरून तुमाला दुसऱ्यांदा सुई पाहिजे. एकदा काढलेली पुरे हाय, जा घरी. पाला-बिल्याचं काय सांगता, डाग मी माज्या डोळ्यानं बघितलेत.

आता खोटं बोलायचं कसब असतं, हे मला ठावं होतं. खरं पटवायला एवढे कष्ट पडतेत हे त्या दिवशी कळलं.

आत्यानं पिशवीतनं पाला काढला. ओढ्याच्या कोरड्या रेतीतनं येचून आणलेला, पार वाळून गेलेला. तोच ठेचला, पाणी लावलं, आन आपल्याच दंडावर बांधून बसली तिथंच, साहेबापुढं. म्हणली, फोड आला की मंग बोलू. बाजार भरला, लोक येऊन बघून गेले. कुणी इचारलं बाई काय झालं दंडाला, तर आत्या म्हणायची अजून व्हायचंय. दुपार कलली. सोडून बघितलं तर दंड कोरा करकरीत. चुणचुण सुदिक न्हाई. उरलेला पाला तिनं बाजूला ठिवला होता, त्यो इकायला आणलेल्या एका शेळीनं आरामात खाऊन टाकला.

दिनकरराव हसले. म्हणले, शेळी खातीया आन तुमी म्हणता आग हाय.

आत्याचा चेहरा मी इसरणार न्हाई. तिच्या शेळ्या रोज वाळल्या कडब्यातनं ह्यो पाला खायच्या, हिरवा सोडायच्या. ती रोज बघायची. हिरवा हाय तवर जाळतो, वाळला की त्याची आग जाती, हे शेळ्यांना ठावं होतं. पर वाताचं दुखणं थंडीतलं, चैत्रात कुणाला फोड लागतच न्हवता, तर आत्याला कशाला कळावं?

कासाबाईनं लेकरू पदराखाली घेतलं आन उठली. बाजार मोडायलता. दिनकरराव मडक्यावरचं फडकं पुन्ना पुन्ना ओलं करायलते. उन्हानं लस नासती, आन कुणी दंड द्यायला तयार न्हवतं. ते आपल्याशीच बोलल्यावानी म्हणले, बाहेरगावचं कुणी असलं तर काढून घ्या, बाहेरगावच्यांना मनाई न्हाई, फेकून द्यायची पाळी आली.

आत्या चालता चालता थांबली. मागं फिरली, कासाबाईच्या काखेतनं चंद्रभानला काढलं आन दिनकररावांच्या पुढ्यात मांडीवर घेऊन बसली.

"ह्यो चुडाव्याचा हाय," म्हणली. "हिच्या भावाचा. पाहुणा आलाय."

दिनकररावांनी बाही वर केली. डाग बघितला. आत्याकडं बघितलं. म्हणले, "आणि हा?"

"बिबव्याचा."

दिनकररावांनी मडक्यावरचं फडकं सोडलं. मंग सुई हातात घेऊन म्हणले, "बाहेरगावचे लोक बिबवा फार लावता तुम्ही."

सुई फिरली. लेकरू वरडलं. आत्यानं त्याला असं गच्च धरलं होतं की वाटावं सुई हिलाच टोचली. परत येताना वाटंवर कासाबाई जरा मोकळी झाली. म्हणली, आत्याबाई, चुडाव्याचा म्हणलात ते बरं केलं. आपल्या घरचा म्हणून टोचलाच न्हाई, म्हंजी देवीचा शब्द बी ऱ्हायला.

आत्या म्हणली, "शब्द गेला. चुडाव्याचा कोण ते देवीला ठावं हाय."

गावात आल्यावर तिनं ठाण्यापुढं जाऊन काय सांगितलं ते आमाला कळलं न्हाई. मंग ती घरोघर गेली. पाल्याला ज्यांनी दंड दिला होता त्यांना म्हणली, आता सुईला द्या. पुढच्या आठवड्यात दिनकरराव पल्याडच्या वाडीला जाताना आपल्या शिवंवर बसले. शिवंच्या आत न्हाई हां, बाहेर. आत गाव पुरं झालेलं होतं ना. समदं गाव शीव ओलांडून गेलं आन पाहुणं झालं. कुणी परभणीचं, कुणी पूर्णेचं. सटवाजीच्या तीन पिढ्या ह्या मातीत गेलेल्या, त्याला इचारलं तर म्हणला मी सेलूचा, कापूस घालायला गेलतो, चुकून हिकडं आलो. ज्यानं त्यानं बिबव्याचा डाग सांगितला. दिनकररावांनी एकालाबी उलटं इचारलं न्हाई. खाली मान घालून सुई फिरवायलते.

त्या साली पल्याडच्या वाडीत देवी आली, लय हाल झाले. आपल्या गावात आली न्हाई.

आता तुला वाटंल लोकांनी सुईचं नाव काढलं आसंल. छे. लोक म्हणले, भिवराआत्याच्या पाल्यानं देवी अडवली. थंडीतच फोड आणून ठिवला होता, म्हंजी देवी येऊन गेल्यावानीच झालं, मंग ती पुन्ना कशाला येईल? सुई तर समद्याच गावांना टोचतेत. आत्या शपथा घेऊन सांगायची की अरे, पाल्यानं काय बी केलं न्हाई, उलट मीच तुमाला घातलं होतं खड्ड्यात. तर म्हणायचे, मोठ्या मानसाला मोठेपणा नगं असतो. तिच्याकडं लांबलांबून लेकरं घेऊन यायला लागले. ती हाकलून द्यायची. गुडघ्याला तेवढा पाला द्यायची, ते बी हिवाळ्यात, आन म्हणायची लेकराला सुई टोचून आण, मंग तुजा गुडघा बघते. त्यानं तर तिचं नाव आणखीच वाढलं. आत्याची अट लय कडक हाय म्हणायचे. मरंस्तोवर तिची ह्यातनं सुटका झाली न्हाई.

चंद्रभान आता सेलूला असतो. कापसाच्या जिनिंगात होता, आता घरीच. परवा लग्नात भेटला तर मांडवात चार मानसांपुढं बाही वर करून सांगायलता, ह्यो बगा डाग, आमच्या आजीच्या पाल्याचा, ह्याच्यावर देवी आली न्हाई. नातवाला डोस पाजायला न्हेत न्हाई म्हणे, आजीच्या पाल्याच्या शोधात हाय. मी बोलले, तर म्हणतो काकू, तुमी तवा ल्हान होता.

म्हणून हे नीट लिही पोरी. आन तुज्या बाईंना सांग, त्या वाचतील का दुसरं कुणी वाचंल, जो कुणी सेलूकडं जायचा आसंल त्यानं चंद्रभानला माजा निरोप द्यावा. म्हणावं, पाल्याचा डाग तर दोन पावसाळ्यांत पुसला. तुज्या दंडावर हाय त्यो सुईचा. तुज्या आजीनं देवीचा शब्द मोडून, तुला मांडीवर घेऊन टोचून घेतलाय. तिला मान द्यायचा आसंल तर नातवाला दवाखान्यात घेऊन जा म्हणावं. एवढं पोचवा.