पेडल थरथरलं तेव्हा
रस्त्यावर वाळत घातलेल्या धानाचा ऊबदार वास आला की माझा उजवा पाय आपोआप घट्ट होतो. दरेकशाच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा नव्या गाडीत बाबांना शेजारी बसवून मी रस्ता बघायला निघाले होते. बाबांनी तीस वर्षं राइस मिलचा ट्रक चालवलेला. गाडी मला त्यांनीच शिकवली: ब्रेक एकदम दाबायचा नाही, दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा, नाहीतर चाकं जाम होऊन गाडी घसरते. त्या दुपारी वळण संपलं आणि समोर अर्ध्या डांबरावर धान पसरलेलं, एक म्हातारी पायाने ते उलथत होती. मी ब्रेक दाबला, चाकं दाण्यांवर गेली आणि पेडल पायाखाली खडखडा थरथरू लागलं. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलणार, तोच बाबा ओरडले, “सोडू नोको! दाबूनच ठेव, अन् स्टेरिंग वळव!” गाडी म्हातारीला वळसा घालून थांबली. ती दोन शिव्या हासडून पुन्हा धान उलथू लागली. “बाबा, तुम्ही तं दाब-सोड शिकवलं होतं,” मी म्हटलं. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “या गाडीत थे दाब-सोड मशीनच करते, म्हणून पेडल थरथरते. परवा गॅरेजात जाऊन मिस्त्रीले इचारून आलो. रोज एकटीच जाशील ना तू.” मिस्त्र्यांनाच चार गोष्टी सुनावणारा माणूस माझ्यासाठी विचारायला गेला होता. आता मी रोज एकटीच जाते, आणि पेडल कितीही थरथरलं तरी पाय उचलत नाही.