गुणमालाकाकींचे दोन फ्लेक्स

गावाचं नाव विचारू नका. एकदा ते मोठ्या अक्षरात छापून बसलोय, तेवढं बास. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी हाय, एवढ्यावर भागवा.

मी सन्मती. स्टँडवर माझं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली. आमच्यात माणूस शिंकलं तरी फ्लेक्स लागतो. गुणमालाकाकी आमच्याच गल्लीतल्या. साठी उलटलेली, काका गेल्यापासनं दोन एकर ऊस एकट्या बघतात. बाईला एका जागी बसवत न्हाई. जेवतानासुद्धा दोनदा उठतील.

मागच्या फाल्गुनात काकींच्या मळीला, म्हणजे नदीला लागून असलेल्या रानात, मगरीनं काठ उकरून अंडी घातली. दुसरं कोण असतं तर कुदळ घेऊन गेलं असतं, कारण हितंच मगरीनं शेजारच्या रानातल्या हरिबाचं रेडकू ओढून नेलं हुतं. काकींनी वनरक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, "दोन महिने राखाय लागतंय. माझ्याकडं माणसं न्हाईत. आन् कुणाला कळू देऊ नका."

"राखते की," काकी म्हणाल्या.

झालं! सकाळी पूजा उरकली की बाई काठी घेऊन बाभळीखाली. कुत्री हाकल, घोरपड हाकल. धुणं धुणाऱ्या बायकांना हातापाया पडून वरच्या घाटावर धाडलं. विटांसाठी माती न्यायला ट्रॅक्टर आला, तर त्याच्यापुढं फतकल मारून बसल्या. आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम, म्हणून डबाही तिथंच.

मी म्हटलं, "आवं काकी, माणसाला खाणारं जनावर ते. कशाला नसता उद्योग?"

"त्येला भूक लागती तवा खातंय. तुझ्यागत पोट भरल्यावर न्हाई," त्या म्हणाल्या. "सगळा काठ वीटभट्ट्यांनी नेला. एवढाच तुकडा ऱ्हायलाय. हितनं उठवली तर ती जाईल कुठं रं?"

माझा ऊर भरून आला, आन् तिथंच घात झाला. दोन महिने भरत आलेले, तवा काकींना न विचारता मी दहा बाय पंधराचा फ्लेक्स छापला. 'मगरींची माऊली गुणमालाकाकी यांचा जाहीर सत्कार'. खाली अठ्ठावीस जणांचे फोटो, त्यात माझा जरा मोठा. मागं घरट्याचा फोटो, शेजारी काकींचं पाण्याच्या पंपाचं मोटारघर, त्याच्यावर काकींचं आन् गावाचं नाव रंगवलेलं. कुणालाही वाट सापडावी असा बेत! फुकट छापला, आन् अक्कल गहाण टाकली.

दोन दिवसांत कराड-इस्लामपूरपासनं गाड्या. भेळेचा गाडासुद्धा लागला. मगरीनं डोकं वर काढलं की कोणतरी दगड मारायचं, ती बुडायची. मग ती दिसायचीच बंद झाली. फ्लेक्स मी त्याच दिवशी फाडला, पण फोटो मोबाइलवर गावोगाव गेलेला. वनरक्षकानं माणसं हाकलली. त्याची पाठ फिरली की परत हजर. तो म्हणाला, "पिल्लं आतनं वरडाय लागली की आई येऊन माती उकरती. न्हाई आली तर आतल्या आत मरत्यात. आपण काढली तरी आईबिगर जगायची न्हाईत."

"सत्कार कुणी मागितला हुता रं तुला?" काकींचे डोळे भरलेले. मला तोंड दाखवायला जागा न्हाई. दुकानात लक्ष लागंना, नुसता मळी ते स्टँड फेऱ्या मारालतो.

चौथ्या दिवशी सकाळी काकींनी जमिनीला कान लावला. "वरडालीत," म्हणाल्या, आन् नदीकडं बघाय लागल्या.

मी पळत दुकान गाठलं. काळी चौकट टाकली. 'भावपूर्ण श्रद्धांजली. मळीतलं घरटं कुत्र्यांनी फोडलं. सर्व पिल्लं दगावली.' शाई वाळायच्या आत काकींना दाखवला.

"खोटं बोलणार न्हाई मी," काकी म्हणाल्या. मग फ्लेक्स परत वाचून, "पण गप बसाय येतंय मला. उद्या उजाडस्तोवर मौन."

फ्लेक्स बांधावर लावला. लोक विचारालते, "काकी, खरं काय?" काकी नुसत्या बघायच्या, आन् डोळ्याला पाणी. ते पाणी खरंच हुतं.

"दोन महिने बसून कुत्र्यांनी खाल्लं? थेरं नुसती!" असं तोंडावर बोलून माणसं गेली. दुपारपतोर भेळवालाही गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आमी लांब उसात बसलेलो. मगर आली. हळूहळू चढली, माती उकरली, आन् वीतभर पिल्लं जबड्यात धरून पाण्यात न्यायला लागली. मी मोजाय तोंड उघडलं, तर काकींनी माझ्या तोंडावर हात दाबला. रडत हुत्या आन् हसत हुत्या.

वरीस झालं. स्टँडवर अजून बोलतात, "गुणमालाला एक घरटं राखता आलं न्हाई." माझ्या जिभेवर येतं, मी गिळतो. काकी शेजारनं जातात, उत्तर देत न्हाईत.

परवा त्या दुकानात आल्या. बसल्या न्हाईतच, उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आली रं ती. परत काठ उकरलाय."

माझा हात आपोआप मोबाइलकडं गेला. त्यांनी तो धरला.

"तेवढा श्रद्धांजलीचा नवीन छाप. जुन्याचा रंग उडालाय."

"काकी, खोटं हाय ते."

"व्हय," काकी म्हणाल्या. "पाप लागलं तर निम्मं माझ्या नावावर घाल."